ए३: हत्तीपुढचं प्यादं, एकच घर

बुद्धिबळाचा पट मांडला की पांढऱ्यापुढे २० चाली असतात. आठ प्याद्यांच्या प्रत्येकी दोन आणि दोन घोड्यांच्या प्रत्येकी दोन. राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, म्हणजे ई४ खेळलं (अक्षर घराची उभी ओळ सांगतं, आकडा आडवी), की वजीर आणि उंट मोकळे होतात. काळ्याची चाल क्षणभर बाजूला ठेवून मोजलं, तर पुढच्या खेपेला पांढऱ्याला ३० चाली मिळतात. वजिरापुढचं प्यादं तसंच टाकलं तर २८. आता वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचं प्यादं एकच घर सरकवून, म्हणजे ए३ खेळून मोजा. उत्तर येतं १९. घोड्याचं एक घर प्याद्याने अडवलं, प्याद्याच्याही दोन चालींची एकच उरली, आणि बदल्यात हत्तीला फक्त एक घर मिळालं. चाल खेळून पर्याय उलट घटले!

तरीही ही चाल मला मनापासून आवडते, आणि तिची बाजू मांडावीशी वाटते.

१८५८ साली पॅरिसमध्ये जर्मन खेळाडू अडॉल्फ अँडरसन आणि अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी यांच्यात सामना झाला. मॉर्फीने तो ७ विजय, २ पराभव, २ बरोबरी असा सहज जिंकला. त्यात अँडरसनने तीन डाव ए३ने सुरू केले. एक जिंकला, एक हरला, एक बरोबरीत सुटला. अख्ख्या सामन्यात त्याला जे दोनच विजय मिळाले, त्यातला एक या चालीने आला. आज या सुरुवातीला त्याचंच नाव आहे. तीन डावांवरून चालीची ताकद ठरत नाही, हे खरं. पण त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे.

सिसिलियन बचावात काळा ई४ला सी५ने उत्तर देतो. त्याच्या नायडॉर्फ प्रकारात पाचव्या चालीला काळा शांतपणे ए६ खेळतो. त्या इवल्याशा चालीमुळे पांढऱ्याच्या घोड्याला आणि उंटाला बी५ हे घर मिळत नाही. बुद्धिबळातल्या सर्वांत झुंजार बचावांपैकी एक या चालीवर उभा आहे. आता पट उलटा करून पाहा. ए३ला काळ्याने ई५ने उत्तर दिलं आणि पांढऱ्याने सी४ खेळलं, की सिसिलियनच तयार होतो, फक्त रंग बदललेले. काळ्याने पुढे डी५ खेळून मधला भाग उघडला, पांढऱ्याने ते प्यादं मारलं आणि काळ्याने घोड्याने परत मारलं, की ए३चा अर्थ लागतो. काळ्याच्या घोड्याला आणि उंटाला बी४वर येता येत नाही. पांढऱ्याचा वजीर सी२वर निर्धास्त बसू शकतो. नायडॉर्फमध्ये पाचव्या चालीला जे काम होतं, ते इथे पहिल्याच चालीला झालेलं असतं.

म्हणजे पहिल्या पाळीमुळे पांढऱ्याला मिळणारी वरचढ एक चाल त्याने फुकट घालवलेली नाही. ती आधीच खर्च केली आहे, प्रतिस्पर्धी काय करणार हे कळण्यापूर्वी. इथेच या चालीची मर्यादाही आहे. काळ्याने मधला भाग घाईने व्यापला, तर ए३ कामाला येते. पण त्याने जी६ खेळून उंट जी७वर नेला, तर त्याच्या उंटाला बी४ची गरजच उरत नाही आणि ए३चं मोल खाली येतं. माझ्या मते ए३ला हे सर्वांत समंजस उत्तर आहे. आजची संगणकीय इंजिनंही ए३नंतर डाव साधारण समसमान मानतात. पांढऱ्याचा सुरुवातीचा लहानसा फायदा जातो, पण तोटा जवळपास होत नाही.

हीच कल्पना काळ्याने वापरली तर? १९८०मध्ये स्वीडनमधल्या स्कारा इथे इंग्लंडच्या टोनी माइल्सने तेव्हाचा जगज्जेता अनातोली कार्पोव याच्या ई४ला ए६ने उत्तर दिलं, पुढच्या चालीला बी५ खेळला, आणि ४६ चालींत डाव जिंकला. काळ्याकडून हे धाडस अधिक मोठं, कारण त्याच्या हाती खर्च करायला वरचढ चाल नसते.

ए३च्या मुळाशी एक प्रश्न आहे, आणि तो थेट गणिताचा आहे: पहिली चाल आपली असणं खरंच फायद्याचं असतं का? बुद्धिबळात ‘पास’ म्हणता येत नाही. पाळी आली की खेळावंच लागतं. डावाच्या शेवटी अनेकदा अशी स्थिती येते की ज्याची पाळी त्याचंच नुकसान. तिला झुगझ्वांग म्हणतात. पास म्हणण्याची मुभा असती, तर पांढरा पहिल्या चालीमुळे कधीच तोट्यात नसता, हे दोन ओळींत सिद्ध झालं असतं: काळ्याकडे हमखास जिंकण्याची युक्ती असेल, तर पांढरा पास म्हणून तीच युक्ती स्वतः वापरेल. पण तशी मुभा नसल्याने हा युक्तिवाद बुद्धिबळाला लागू पडत नाही. सुरुवातीचा मांडलेला पटच एक प्रचंड झुगझ्वांग नाही, याची गणिती सिद्धता आजही कोणाकडे नाही. प्रत्यक्ष अनुभव मात्र दुसरीकडे बोट दाखवतो: गंभीर स्पर्धांमध्ये पांढरा सातत्याने थोडे जास्त गुण मिळवतो. आणि नियमांच्या चौकटीत राहून ‘तू आधी सांग’ असं म्हणण्याच्या सर्वांत जवळ जाणाऱ्या चालींपैकी एक आहे, हत्तीपुढचं प्यादं एक घर.