एकपाठी आणि सॅव्हंट

गणपतीत चाकरमानी गावी आले की पडवीत कुणीतरी हमखास म्हणतो, "तो मुलगा एकपाठी आहे, कुठलीही तारीख सांगा, वार सांगतो." एकपाठी आणि सॅव्हंट यांच्यातला हा गोंधळ ऐकण्याचा मला आता कंटाळा आला आहे.

एकपाठी म्हणजे एकदा ऐकले की पाठ होणारा, हे कोकणात कुणाला शिकवायला नको. पद, क्रम, जटा, घन अशा वेदपठणाच्या पायऱ्या चढलेले वेदपाठी आपण पाहिले आहेत. तिथे स्मरणशक्ती जन्मजात असो वा घोटून कमावलेली, ती माणसाच्या हाताखाली राबते.

सॅव्हंट सिंड्रोमचे तसे नाही. विकासातील अपंगत्व किंवा मेंदूची इजा आणि तिच्या जोडीला संगीत, चित्र, गणित वा कॅलेंडर अशा एखाद्या अरुंद क्षेत्रातले असामान्य कौशल्य, अशी ही अवस्था आहे. लंडनचे डॉक्टर लँगडन डाऊन यांनी 1887 मध्ये तिचे वर्णन केले. प्रत्येक स्वमग्न (ऑटिस्टिक) मूल सॅव्हंट नसते आणि प्रत्येक सॅव्हंट स्वमग्न नसतो, एवढे सांगून तो मुद्दा सोडतो.

खरी ठेच लागते ती पुढे. लोक म्हणतात, "एवढ्या तारखा येतात, मग शर्टाची बटणे का लावता येत नाहीत? मुद्दाम करतो." अमेरिकेतील सॅव्हंट किम पीक (1951–2009) यांना हजारो पुस्तके मुखोद्गत होती, पण बटणे लावायला वडिलांची मदत लागे, मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा तंतूंचा पट्टा त्यांना जन्मतःच नव्हता. एका कामातील तेज दुसऱ्या कामाला उसने देता येत नाही, आणि ते येत नाही म्हणून त्या माणसाला आळशी ठरवणे हा अन्याय आहे.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट: "त्याला कळत काही नाही, नुसते पाठ आहे." इंग्रजी कॅलेंडरच्या 400 वर्षांत 1,46,097 दिवस, म्हणजे नेमके 20,871 आठवडे येतात, त्यामुळे वारांचे चक्र पुन्हा तसेच फिरते, वार सांगणारे अनेक सॅव्हंट अशी नियमितता हेरून वापरतात. गणेश चतुर्थीची तिथी मात्र चंद्रावर चालते. म्हणून दहा वर्षांनी गणपती कोणत्या तारखेला, असे विचारल्यावर तोच मुलगा गप्प बसला, तर "विसरला वाटतं" म्हणून हसू नये. पंचांग हे त्याचे क्षेत्रच नव्हे.

आमच्या वाडीतल्या अशा एका मुलाला वार विचारायला सणात रांग लागते. त्याला एसटीने तालुक्याला न्यायला सोबत कोण येणार, असे त्याची आई विचारते, तेव्हा पडवीतल्या प्रत्येकाला घरचे काम आठवते.