मेंटेनर (लिनक्स कर्नल)

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, एखाद्या भागाची जबाबदारी सांभाळणाऱ्या आणि त्या भागासाठी आलेले बदल तपासून घेणाऱ्या किंवा परत धाडणाऱ्या व्यक्तीला मेंटेनर म्हणतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना हा कर्नल लिहायला घेतला. आज प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल येतात. एकट्याने ते वाचणे शक्य नाही, म्हणून ते पायरीपायरीने वर चढतात: आधी ड्रायव्हरचा (एखादे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडचा) मेंटेनर, मग उपप्रणालीचा (नेटवर्किंगसारख्या मोठ्या भागाचा), शेवटी टॉरवाल्ड्स. वरचा माणूस प्रत्येक ओळ वाचत नाही. खालच्याने ती वाचली असणार, या भरवशावर घेतो.

कोणता भाग कोणाकडे आहे, हे कोडसोबतच्या ‘मेंटेनर्स’ नावाच्या साध्या फायलीत लिहिलेले असते. नवख्याने तिथली ‘एस’ने सुरू होणारी ओळ आधी पाहावी. ‘सपोर्टेड’ म्हणजे हे काम पाहण्याचा कुणाला तरी पगार मिळतो. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवून आहे, ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे माणूस आहे पण त्याला फारसा वेळ नाही, आणि ‘ऑर्फन’ म्हणजे त्या भागाला वाली नाही. पॅचला (पाठवलेल्या बदलाला) उत्तर का येत नाही, याचा उलगडा पुष्कळदा याच एका शब्दात होतो.

पॅच आजही ईमेलनेच जातो. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) बदल कमिट करून, म्हणजे नोंदवून, त्यावर लेखनशैलीच्या चुका दाखवणारी ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट चालवतात. ‘गेट मेंटेनर’ ही दुसरी स्क्रिप्ट तो कुणाला धाडायचा ते सांगते. मग ‘गिट सेंड-ईमेल’ने पाठवतात. रोजच्या मेल प्रोग्राममध्ये चिकटवून पाठवला तर टॅबच्या जागी स्पेस येतात, लांब ओळी मोडतात आणि पॅच लागतच नाही. विषयाच्या ओळीत उपप्रणालीचे नाव, कोलन आणि केलेला बदल. खालच्या मजकुरात हा बदल का हवा ते लिहायचे. काय बदलले ते कोडमध्ये दिसतेच. जुनी चूक दुरुस्त केली असेल, तर ती जिच्यामुळे शिरली त्या कमिटच्या हॅशची (ओळखखुणेची) पहिली 12 अक्षरे ‘फिक्सेस’ या ओळीत देतात. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ म्हणजे हा कोड देण्याचा आपल्याला हक्क आहे याची सही. तिच्यामागचे हमीपत्र 2004 मध्ये आले, कोडच्या मालकीवरून एससीओ कंपनीने कज्जे सुरू केल्यानंतर.

पॅच परत येतो तो बहुधा एकात दोन कामे कोंबल्यामुळे: बग दुरुस्त केला आणि जाता जाता आजूबाजूच्या स्पेसही नीट केल्या. ही कामे वेगळी करून ‘व्ही2’ (सुधारलेला दुसरा पॅच) पाठवावा. आधीच्यापेक्षा काय बदलले ते तीन डॅशांच्या ओळीखाली लिहावे, कारण पॅच लावताना तिथला मजकूर गिट सोडून देते. उत्तर नाही आले तर निदान आठवडाभर थांबावे, आणि मर्ज विंडो चालू असेल तर आणखी. ही विंडो म्हणजे आवृत्ती निघाल्यानंतरचे दोन आठवडे; तेव्हा मेंटेनर आधीच जमवलेले बदल वर सरकवण्यात गुंतलेले असतात. मग दर रविवारी एक आरसी (चाचणीसाठीची आवृत्ती), साधारण आरसी7 पर्यंत. सगळे मिळून नऊ-दहा आठवडे.

बहुतेक बदल पगारी नोकरदारांकडून येतात. पण कंपनी पगार देते तो मुख्यतः स्वतःच्या हार्डवेअरचा कोड लिहिण्यासाठी; दुसऱ्याचा तपासण्याचे काम त्या हिशेबात क्वचितच धरले जाते. लिहिणारे वाढतात, वाचणारे तेवढेच राहतात. नेटवर्किंगसारख्या मोठ्या भागांना म्हणूनच एकाहून जास्त मेंटेनर आहेत.

कर्नलबाहेरच्या कित्येक प्रकल्पांना ही चैन नाही. फायली दाबून लहान करणारे ‘एक्सझेड’ वर्षानुवर्षे जवळजवळ एकाच माणसावर चालले होते. तो थकलेला असताना ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदतीला आले, चोख पॅच देऊन सहमेंटेनर झाले आणि 2024 मध्ये 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट घातली. ती उघडकीस आली ती आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरमुळे. एसएसएच (दूरच्या संगणकात शिरण्याची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून ते मागे लागले होते.