स्मार्टफोन बॅटरीची ऊर्जामर्यादा

वाहतूक व सुरक्षाविषयक नियमांमुळे स्मार्टफोनच्या लिथियम-आयन बॅटरीच्या आकारावर व्यवहारात पडणारी मर्यादा. ‘फोनची बॅटरी अमुकहून मोठी नसावी’ असे हे नियम सांगत नाहीत. धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या नमुना नियमांतील विशेष तरतूद १८८ नुसार प्रत्येक सेल (बॅटरीतील ऊर्जा साठवणारा एकेक घटक) २० वॉट-तासांपर्यंत (वॉट-तास हे ऊर्जेचे माप) आणि पूर्ण बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंत असेल, तर मालाला मोठी सवलत मिळते. सेलने २० चा आकडा ओलांडला की तोच फोन नवव्या वर्गातील पूर्ण धोकादायक माल ठरतो. मग खोक्यावर वर्गाचे लेबल, हवाई मालासाठी पाठवणाऱ्याचे घोषणापत्र आणि प्रशिक्षित कर्मचारी हे सारे लागते. बंदी नाही, पण दर खोक्यामागे खर्च वाढतो आणि तो टाळण्यासाठी कंपन्या सेल लहान ठेवतात.

मोजणी : मिलिअँपिअर-तासांना नाममात्र (वापरातील सरासरी) व्होल्टेजने गुणून १,००० ने भागले की वॉट-तास मिळतात. ४,९०० मिलिअँपिअर-तास आणि ३.८७ व्होल्ट असे लेबल असेल, तर १८.९६ वॉट-तास. ३.८५ व्होल्टच्या सेलला २० ची सीमा सुमारे ५,१९० मिलिअँपिअर-तासांवर येते. अनेक फोन ५,००० च्या आसपास थबकले ते बव्हंशी यामुळेच. लेबलावर चार्जिंगचे कमाल व्होल्टेजही असते (उदा. ४.४५). चुकून त्याने गुणले, तर ५,००० चा सेल २२.२५ वॉट-तासांचा वाटतो. गुणाकार नेहमी नाममात्र व्होल्टेजनेच करावा.

२० चा उगम : हा आकडा आगीच्या चाचण्यांतून आला असा समज आढळतो. मात्र आधीच्या नियमांत मर्यादा ‘समतुल्य लिथियम’ ग्रॅममध्ये होती : सेलला १.५ ग्रॅम, बॅटरीला ८ ग्रॅम. दर अँपिअर-तासाला ०.३ ग्रॅम धरत. म्हणजे १.५ ग्रॅमचे ५ अँपिअर-तास, ३.७ व्होल्टने १८.५ वॉट-तास. ८ ग्रॅमचे सुमारे २६.७ अँपिअर-तास, म्हणजे ९८.७ वॉट-तास. २० आणि १०० हे त्यांचेच पूर्णांकित रूप असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. वॉट-तासांची पद्धत साधारण २००९ च्या सुमारास रुळली. १ जानेवारी २००९ पूर्वी बनलेल्या बॅटऱ्यांना बाहेरच्या आवरणावर वॉट-तास छापण्यातून सूट आहे, तीही याच कालमानाकडे निर्देश करते. तेव्हा फोनमध्ये ५ अँपिअर-तासांचा सेल कोणाच्या ध्यानीमनी नव्हता.

पळवाट नव्हे, रचना : मर्यादा सेलनिहाय असल्याने दोन सेल जोडता येतात. ३,००० मिलिअँपिअर-तासांचे दोन सेल ३.८७ व्होल्टने प्रत्येकी ११.६१ वॉट-तासांचे होतात. एकूण २३.२२, तरी सवलत टिकते. एकसर (एकापुढे एक, म्हणजे सिरीज) जोडणीत व्होल्टेज दुप्पट होऊन जलद चार्जिंगही सोपे जाते. मात्र दुसऱ्या सेलच्या कडेची शिवण आणि पट्ट्या जागा खातात. काही फोन भारतात मोठ्या बॅटरीने विकले जातात : नथिंग फोन ३ येथे ५,५०० आणि इतरत्र ५,१५०, तर पोको एफ७ येथे ७,५५० आणि जागतिक बाजारात ६,५००. पण ६,५०० ही एकसेली असेल तर २० च्या वरच जाते. तेव्हा फरकाचे सारे श्रेय या नियमाला देता येत नाही.

चाचण्या : प्रत्येक प्रकारच्या सेलला यूएन ३८.३ या संयुक्त राष्ट्रांच्या चाचण्यांची मालिका पार करावी लागते. ७२ व उणे ४० अंश सेल्सिअसच्या आलटून-पालटून दहा फेऱ्या, कंपन, धक्का, बाह्य लघुपरिपथ, पाऊच (मऊ आवरणाच्या चपट्या) सेलला १३ किलोन्यूटनचा दाब. भारतात विक्रीसाठी आयएस १६०४६ या भारतीय मानकाप्रमाणे नोंदणीही सक्तीची आहे.

हवाई वाहतूक : ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईत मालवाहू बोइंग ७४७ मालाला आग लागून कोसळले. त्यात लिथियम बॅटऱ्या होत्या. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या (उपकरणाविना) लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास मनाई आहे. मालवाहू विमानातही त्यांचा चार्ज ३० टक्क्यांहून जास्त चालत नाही.

सीमाभागातील व्यवहार : बेळगावच्या सांबरा विमानतळावरून जाणाऱ्या प्रवाशाने पॉवर बँक हातातील सामानातच ठेवायची. १०० वॉट-तासांपर्यंत, म्हणजे ३.७ व्होल्टच्या सुमारे २७,००० मिलिअँपिअर-तासांपर्यंत, परवानगी लागत नाही. १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते.

पुणे–बंगळूर महामार्ग निपाणी, संकेश्वर, बेळगाव असा जात असल्याने दुकानांना सुट्या बॅटऱ्या रस्त्याने मागवणे सोपे जाते. पार्सलवर ‘फक्त सरफेस’ (म्हणजे जमिनीवरूनच न्यावे) असे ठळक लिहावे. नाहीतर कुरिअर ते हवाईमार्गे वळवू शकतो आणि अघोषित धोकादायक माल ठरू शकतो. प्रत्येक बॅटरीचा कनेक्टर न-वाहक टेपने झाकावा, वेगळ्या पिशवीत ठेवावा, आणि खोके १.२ मीटरवरून पडले तरी आतील माल सरकू नये.

लेबल पडताळणे महत्त्वाचे. ५,५०० आणि ३.८५ व्होल्टचा गुणाकार २१.१८ येतो. लेबलावर १९ वॉट-तास असतील, तर तीनपैकी किमान एक आकडा नक्की खोटा. जुनी बॅटरी काढताना पात्याने उचकटू नये. ती वाकली की आतील विभाजक फाटून लघुपरिपथ होतो. बॅटरीखालची चिकट पट्टी ओढून किंवा कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून चिकट थर सैल करावा. फुगलेली बॅटरी टोचू नये. ती कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी, विमानाने पाठवू नये, आणि बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार संकलनासाठीच द्यावी.