लुलेओचं चर्च आणि मागे हटलेला समुद्र

उत्तर स्वीडनमधल्या लुलेओ शहरापासून सुमारे १० किलोमीटरवर गामेलस्टाड नावाची जुनी वस्ती आहे. मधोमध पंधराव्या शतकातलं नेदरलुलेओ चर्च. दगडी भिंती, आत अँटवर्पमध्ये १५२० च्या सुमारास घडवलेली सोनेरी वेदी. भोवती चारशेहून अधिक लाकडी घरकुलं. लांबून प्रार्थनेला येणाऱ्यांना एका दिवसात घरी परतणं शक्य नसे, म्हणून रविवारी आणि सणावारी मुक्कामापुरती ती बांधलेली. १९९६ पासून हे सारं जागतिक वारसास्थळ आहे. स्टॉकहोमपुरताच बेत असेल, तर तो थोडा वाढवून इथे जरूर जा.

कारण हे गाव पूर्वी बंदर होतं. १६२१ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला आणि १६४९ मध्येच शहर समुद्राजवळच्या नव्या जागी हलवावं लागलं. बंदर उथळ होत चाललं होतं, जहाजं आत येईनात. चर्च आणि घरकुलं मात्र जागेवरच राहिली.

पाणी आटलं नव्हतं, जमीन वर येत होती. हिमयुगात या भागावर सुमारे ३ किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्या भाराने भूकवच खाली दबलं आणि त्याखालच्या प्रावरण नावाच्या जाड थरातला खडक हळूहळू बाजूला सरकला. जवळपास १०,००० वर्षांपूर्वी बर्फ वितळून संपला, भार उतरला. पण प्रावरणातला खडक घन असूनही अतिशय संथपणे वाहतो, त्यामुळे तो अजूनही परत येतोच आहे. लुलेओची जमीन वर्षाला जवळपास १ सेंटिमीटर उचलली जाते, म्हणजे शतकात साधारण मीटरभर! आता उपग्रहांच्या मदतीने ही हालचाल मिलिमीटरमध्ये मोजतात. दक्षिणेकडे स्कुलेबेर्गेट टेकडीवर प्राचीन किनाऱ्याची खूण आजच्या समुद्रापेक्षा २८६ मीटर उंचावर सापडते.

तापमापकामुळे आपल्याला माहीत असलेले अँडर्स सेल्सिअस यांनाही या कोड्याने पछाडलं होतं. सील ज्या खडकांवर येऊन पहुडत, ते पाण्याबाहेर फार उंच आल्याने शिकाऱ्यांच्या उपयोगाचे उरले नव्हते, हे जुन्या नोंदींवरून त्यांनी हेरलं. १७३१ मध्ये येव्ले शहराजवळच्या लव्हग्रुंड बेटावर त्यांनी एका खडकावर समुद्रपातळीची खूण कोरवून घेतली. समुद्राचं पाणीच कमी होतंय, हा त्यांचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. मोजण्याची पद्धत मात्र अचूक होती. ती खूण आज पाण्याच्या बरीच वर आहे.