दलदल, बर्फ आणि पाण्याखालचे रस्ते

१२३६ सालच्या सप्टेंबरात लिव्होनियन खड्गबंधूंची, म्हणजे आजच्या लाटव्हिया-एस्टोनियाच्या भागातील जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाची फौज झेमाइतिया प्रांतात, म्हणजे आजच्या लिथुआनियाच्या पश्चिम भागात, लूटमार करून परतत असता नदी ओलांडण्याच्या उथळ जागी झेमाइती योद्ध्यांनी तिची वाट अडवली. त्या शतकातील एक पद्यबखर सांगते की, सोबतच्या सरदारांनी घोडे गमावण्याच्या भीतीने पायउतार होऊन त्या दलदलीत लढण्यास नकार दिला आणि फौजेला तिथेच रात्र काढावी लागली. दुसऱ्या दिवशी, २२ सप्टेंबरला, साउलेची लढाई झाली. तीत संघप्रमुख फोल्कविन आणि सुमारे पन्नास खड्गबंधू मारले गेले, आणि उरलासुरला संघ पुढच्याच वर्षी ट्युटॉनिक संघात, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या मोठ्या संघात, विलीन झाला.

सरदारांचा तो हट्ट महागात का पडला, हे साध्या भागाकाराने कळते. घोडा, स्वार आणि चिलखत मिळून ६०० किलो आणि चारही खुरांचे क्षेत्रफळ अंदाजे ५०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोहून अधिक भार येतो. दौडताना एक-दोनच खूर टेकत असल्याने तो आणखी वाढतो. दोन्ही पावलांवर उभ्या असलेल्या ८० किलोच्या भालाइताचा भार याच्या जेमतेम पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका असतो. दलदलीतील पीट म्हणजे अर्धवट कुजलेले शेवाळ आणि मुळे. ओल्या पीटच्या वजनात बहुतांश पाणीच असते. त्यावरची तंतुमय साय माणसाला पेलते, चिलखती घोड्याला नाही.

म्हणून ट्युटॉनिक संघाच्या अनेक स्वाऱ्या ऐन हिवाळ्यात निघत. मात्र दलदल गोठणे हा थर्मामीटरच्या एका आकड्याचा खेळ नव्हे. पाणी शून्य अंशावर आले तरी त्याचा बर्फ होण्यासाठी प्रत्येक ग्रॅममधून ८० कॅलरी उष्णता बाहेर जावी लागते, आणि लवकर पडलेला भुसभुशीत हिम रजईसारखा ती उष्णता आत कोंडून ठेवतो. शिवाय बर्फाची भार पेलण्याची क्षमता ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने जाडी निम्मी झाली की क्षमता चौथाईवर येते. हिवाळा सौम्य गेला तर मोहीमच बारगळे.

थंडीवर एकट्या संघाचा हक्क होता, असेही नाही. फेब्रुवारी १२७० मध्ये लिथुआनियन सैन्य गोठलेल्या समुद्रावरून आजच्या एस्टोनियातील सारेमा बेटावरील स्वारी आटोपून परतत होते. कारुसेजवळ बर्फावरच ट्युटॉनिक संघाच्या लिव्होनियन शाखेशी गाठ पडली, तेव्हा लिथुआनियनांनी घसरगाड्यांचा आडोसा पुढे रचला. चाल करून आलेले घोडे त्यात अडकून भोसकले गेले आणि त्या शाखेचा प्रमुखही पडला.

मला सर्वांत चतुर वाटते ती कूलग्रिंदा. झेमाइती बोलीत कूलिस म्हणजे दगड. कूलग्रिंदा म्हणजे दलदलीत पाण्याखाली लपवलेली वाट. ती बांधण्याची रीत अशी सांगतात की, हिवाळ्यात बर्फावर दगड आणि ओंडके अंथरायचे. वसंतात बर्फ वितळला की ते आपोआप तळाशी बसत. वाट मुद्दाम वळणावळणाची असे, त्यामुळे वळण ठाऊक नसलेला परका चार पावलांत रुते. पीटमध्ये ऑक्सिजन जवळपास नसल्याने असे लाकूड शतकानुशतके टिकू शकते.

याला संघाचे उत्तर कागदी होते. १३८४ ते १४०२ या काळात त्याने लिथुआनियात शिरण्याच्या सुमारे शंभर मार्गांची टिपणे तयार करवली. मुक्काम कुठे करावा, वैरण-पाणी कुठे मिळेल आणि कोणत्या ओलसर पट्ट्यावर लाकडे टाकून वाट करावी लागेल, हे त्यांत नोंदलेले आहे. आणि ती माहिती पुरवणाऱ्या वाटाड्यांत त्याच मुलखातले लोकही होते.