बास नाही, मरळ आहे! उन्हाळ्याच्या तोंडावर वाईजवळच्या धोम धरणावर गळ टाकायला निघालेल्यांसाठी

(आमच्या गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक. दुकानात फुकट मिळेल.)

मार्च लागला की आमच्या काउंटरवर एकच खेळ सुरू होतो. कुणीतरी मोबाईल पुढं करतो. त्यात अमेरिकेतलं एखादं तळं, चकचकीत बोट, हिरवट अंगाचा मोठ्या जबड्याचा मासा. आणि प्रश्न ठरलेला : "दादा, ह्यो मासा धोमला मिळतोय का? ह्याचंच सामान द्या."

मिळत नाही. तो लार्जमाउथ बास. मूळचा उत्तर अमेरिकेचा, तिथून जपानपर्यंत पोचला. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी दहा किलोंच्या वर भरलेला बास धरला. २००९ साली जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी त्याच तोडीचा धरला. आपल्या धरणांत तो नाही आणि नाही हे बरंच आहे. बाहेरून आणलेल्या माशाचा अनुभव चिलापीनं (तिलापियानं) दिलाय. १९५२ साली ती भारतात आली आणि आता कुठल्याही तलावाच्या काठाला गळ टाका, आधी तीच लागते.

पण त्या व्हिडिओतलं सगळंच वाया जात नाही. बास आडोशाला दबा धरून बसतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो. आपल्याकडं हेच काम मरळ करते. कृष्णा-वेण्णेच्या पाण्यात ती पूर्वापार आहे. म्हणून रबरी बेडूक, पाण्यावर फडफडणारं लुअर (खोटं आमिष), जाड विणलेली दोरी हे बासचं सामान मरळीला चालतं. हंगामाचा सल्ला मात्र तिकडचा उचलू नका, तो इथं उलटा पडतो.

तिकडचा 'उन्हाळ्याच्या सुरुवातीचा' काळ म्हणजे मे अखेर ते जून. पाणी १६ ते २० अंशांच्या आसपास गेलं की बास उथळात अंडी घालतो, नर घरट्याची राखण करतो. ते आटोपलं की दमलेले मासे काठ सोडून खोल उताराकडं सरकतात. म्हणून ते लोक सांगतात, जूनमध्ये काठापासून लांब टाका. आपला उन्हाळा मार्चलाच उंबऱ्यात येतो आणि मरळीची वीण असते पावसाच्या आसपास. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये ती विणीच्या आधीची, भुकेली, आणि सकाळ-संध्याकाळ काठालगत. तिकडचं ऐकून पन्नास फूट लांब फेकलंत तर मासा तुमच्या पायाशी आणि बेडूक मधल्या पाण्यात.

मरळीची आणखी एक खोड लक्षात ठेवा. ती हवेतून श्वास घेते, वर येऊन घोट घेतल्याशिवाय तिला जमत नाही. उन्हानं पाणी तापलं, त्यातला प्राणवायू कमी झाला की रोहू-कटला सुस्तावतात. मरळीला त्याचं फारसं काही वाटत नाही. काठावर दहा मिनिटं नुसतं बसा. 'बुळुक' असा आवाज आला, पाण्यावर फुगवटा उठून विरला, तर तिथं ती आहे. लगेच टाकू नका. थोडं थांबून त्या जागेच्या दोन-तीन हात पलीकडं टाका आणि बेडूक ओढत तिच्या डोक्यावरून आणा. तिनं उचललं की झटका मारायची घाई नको, मनात 'एक, दोन' म्हणा आणि मग ठोका. निम्म्या मरळी घाईनंच सुटतात. हे लिहिणाऱ्याच्याही सुटल्यात.

सामान थोडंच घ्या. आमचा धंदा बुडवणारं वाक्य आहे, पण खरं आहे. साडेसहा-सात फुटी, जरा कडक रॉड, तीस-चाळीस पौंडाचा ताण सोसणारी विणलेली दोरी, दोन बेडूक (एक काळा, एक हिरवा), आणि तोंडातला गळ काढायला लांब पक्कड. मरळीला दात असतात, बोट घालू नका. पोरं बरोबर असतील तर त्यांना बांबूची काठी, तरंगा, बारीक गळ आणि गांडूळ द्या. चिलापी त्यांना रिकामं बसू देणार नाही आणि तुम्हाला मरळीकडं लक्ष देता येईल. कणकेचं आमिष लावून बसणारे जुने लोक आहेतच, त्यांना सांगायला नको : कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाला. तरंगा त्या मानानं सरकवायचा.

आता गर्दीचं. धोम म्हणजे वाईपासून थोड्याच अंतरावर. पाचगणी-महाबळेश्वरला निघालेली गाडी वाईत थांबते आणि वाईत थांबलेली धोमला डोकावते. कासवावरचा नंदी बघायचा, पाण्यात पाय सोडायचे, बोटीत बसायचं, पोरांनी दगड मारायचे. त्यांचंही बरोबरच आहे, तलाव कुणा गळवाल्याच्या मालकीचा नाही. शाळांच्या परीक्षा संपल्या की रविवारी दहानंतर काठावर गळ टाकायला जागा तर नाहीच, गाडी लावायलाही नाही. यावर उपाय कुठल्या लुअरमध्ये नाही, घड्याळात आहे. साताऱ्याहून पाचवडमार्गे पहाटे पाचच्या आत निघा, उजाडायच्या आधी काठावर असा आणि नऊ वाजता गुंडाळा. मंगळवार-बुधवार जमला तर सोनंच. सोमवारी आम्ही जात नाही. रविवारच्या कालव्यानं काठ बिथरलेला असतो असा आमचा अनुभव आहे. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनचं बगाड, म्हणजे मोठी जत्रा, असते, त्या दिवशी मासे विसरा. आम्ही एकदा रॉड घेऊन त्या गर्दीत शिरलो आणि बगाड बघूनच परत आलो.

जागा निवडताना बोटी सुटतात तो धक्का सोडा. शेतीसाठी उन्हाळी आवर्तनं (पाण्याच्या पाळ्या) सुटली की पाणी उतरत जातं आणि पावसाळ्यात बुडालेलं सगळं उघडं पडायला लागतं : जुन्या शेतांचे बांध, दगडी ताली, झाडांची खोडं, ओढ्यांची तोंडं. मरळ अशाच ठिकाणी टेकून असते. पाणी उतरलं की एकदा नुसतं फिरून या, मोबाईलवर फोटो काढा. पुढच्या वर्षी पाणी भरलं की बांध कुठं आहे हे तुम्हालाच ठाऊक असेल. हे काम लोक कंटाळतात आणि मग आम्हाला विचारतात, "कुठला कलर चालतोय?"

याच उतरलेल्या पाण्यानं माणसं अडकतात. वर गाळ वाळून भेगाळलेला दिसतो, वाटतं टणक आहे. चार पावलांवर गुडघाभर आत जातो आणि पाय निघत नाही. काठी टेकून बघितल्याशिवाय ओल्या कडेला जाऊ नका, एकटे तर नकोच. मच्छीमारांचा थर्माकोलचा तराफा 'जरा देता का' म्हणून मागू नका; त्यावर तोल साधायला त्यांची जन्माची सवय लागते. धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात उभं राहू नका. पाणी कधी सोडतील हे तुमच्या तरंग्याला कळत नाही.

एप्रिल सरता सरता दुपारी वळीव येतो. कमळगडाच्या अंगाला ढग काळवंडले, गार वारा सुटला की रॉड खाली ठेवा आणि गाडीत जाऊन बसा. हल्लीचे रॉड कार्बनचे, आणि कार्बनमधून वीज धावते. उघड्या काठावर सात फुटी कार्बन वर धरून उभा राहिलेला माणूस म्हणजे विजेला दिलेलं आवतण. 'अजून दोनदा टाकून निघतो' असं म्हणू नका.

परवानगीबद्दल थोडक्यात. पाणी जलसंपदा खात्याचं, आणि धरणांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडं ठेक्यानं असते. तिथल्या संस्थेच्या माणसाला आधी भेटा, विचारा, असेल ती पावती घ्या. त्यांची जाळी जिथं लागलीत तिथं गळ टाकू नका. गळानं फाटलेलं जाळं म्हणजे त्यांचा बुडालेला दिवस. भिंतीजवळ, दरवाजांजवळ जायचंच नाही. कासच्या तलावाचं पाणी सातारकर पितात, तिथलं नाव आमच्याकडं काढू नका. कोयनेच्या शिवसागराचंही तेच : पलीकडं अभयारण्य, व्याघ्रप्रकल्प. बामणोलीला जाऊन बोटीत बसा, गळ घरी ठेवा. साताऱ्याजवळ दुसरा पर्याय हवा तर कण्हेर धरण आहे. तिथंही आधी विचारूनच.

एक विनंती, दुकानाची म्हणून नव्हे, आमची म्हणून. मे-जूनमध्ये पाण्यावर तांबूस-केशरी पिलांचा थवा एकत्र हलताना दिसेल. खाली मरळीची जोडी राखण करत असते आणि तिथं बेडूक टाकला तर ती हटकून झडप घालते. सोपी शिकार आहे, म्हणूनच करू नका. आई-बाप गेले की तो थवा दुसरे मासे संपवतात. पाऊस पडला की आम्ही स्वतः रॉड माळ्यावर टाकतो.

तुटलेली दोरी काठावर सोडू नका, बगळ्यांचे पाय अडकतात. गुंडाळून आणा, दारात डबा ठेवलाय त्यात टाका. बरोबर टोपी, भरपूर पाणी आणि भाकरी-पिठलं बांधून घ्या. पहाटे वाटेत काही उघडं नसतं.

गांडुळं शनिवारी दुपारपर्यंत सांगून ठेवा. संध्याकाळी सहानंतर येऊन "पाव्हणं, थोडी तरी द्या की" म्हणालात, तर उरलेली असतील तेवढीच मिळतील.