कोलेस्टेरॉल नियंत्रण व नैसर्गिक पूरके

रक्तातील कोलेस्टेरॉल, विशेषतः एलडीएल कोलेस्टेरॉल, कमी करण्यासाठी वनस्पती, बुरशी किंवा मासळी यांपासून मिळवलेले पदार्थ भुकटी, गोळी वा कॅप्सूलच्या रूपात नियमित घेतले जातात. त्यांना नैसर्गिक पूरके म्हणतात. इसबगोल, वनस्पती स्टेरॉल, लाल यीस्ट तांदूळ, बर्बेरिन, लसूण, गुग्गुळ, मत्स्यतेल ही त्यांतली प्रमुख नावे. या सर्वांची एकाच यादीत गणना होत असली, तरी त्यांच्या परिणामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पदार्थ कोठून आला, याला येथे फारसे महत्त्व नाही. तो शरीरात काय करतो आणि किती मात्रेत करतो, यावरच त्याची परीक्षा व्हायला हवी.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ पेशींच्या आवरणात असतो. पित्ताम्ले, ड जीवनसत्त्व आणि अनेक संप्रेरके त्यापासूनच बनतात. त्याचा मोठा हिस्सा शरीर स्वतः तयार करते, आहारातून येणारा भाग त्या मानाने कमी असतो. ते पाण्यात विरघळत नसल्याने प्रथिनांच्या वेष्टनात बांधून रक्तातून वाहून न्यावे लागते. एलडीएल हे त्यातले मुख्य वाहन. एलडीएलचे कण वर्षानुवर्षे जास्त संख्येने फिरत राहिले की धमन्यांच्या अस्तरात शिरून तेथे साचतात आणि त्यातून हृदयविकार व पक्षाघात उद्भवतो. रक्तातून हे कण काढून घेण्याचे काम प्रामुख्याने यकृत करते. यकृतपेशींच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे ग्राही असतात. त्यांचा शोध लावणारे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. यकृतपेशीला आत कोलेस्टेरॉलची चणचण भासली की ती जास्त ग्राही बाहेर काढते आणि रक्तातील एलडीएल ओढून घेते. एलडीएल कमी करणाऱ्या बहुतेक खात्रीच्या उपायांची, मग ते औषध असो वा आहारातील न पचणारे तंतू, वाट शेवटी या ग्राहींपाशीच येऊन मिळते. पूरकाचा दावा तपासताना तो पदार्थ या वाटेवर कोठे काम करतो, हा पहिला प्रश्न विचारावा.

इसबगोल व इतर विद्राव्य तंतू : इसबगोलाच्या बियांवरील टरफलाची चमचाभर भुकटी पेलाभर पाण्यात काही मिनिटे ठेवली की तिचा गिळगिळीत, घट्ट लगदा होतो. लहान आतड्यातही हेच घडते. जेवणातील मेद पचवण्यासाठी यकृताने सोडलेली पित्ताम्ले एरवी आतड्याच्या शेवटच्या भागात सुमारे ९५ टक्के परत शोषली जातात आणि पुन्हा यकृतात जातात. लगद्यात अडकलेली पित्ताम्ले मात्र शौचावाटे निघून जातात. ती भरून काढायला यकृताला स्वतःकडचे कोलेस्टेरॉल खर्ची घालावे लागते, पेशीत तुटवडा येतो आणि ग्राही वाढतात. टरफलातून रोज सुमारे ७ ग्रॅम विद्राव्य तंतू मिळाले, तर एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इसबगोलाच्या वेष्टनावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याविषयीचे विधान छापण्यास १९९८ मध्ये परवानगी दिली. ओटमधील बीटा-ग्लुकन या विद्राव्य तंतूला अशी मान्यता आदल्याच वर्षी मिळाली होती, त्याची मात्रा रोज ३ ग्रॅम. सर्व पूरकांत इसबगोल हा सर्वांत सरळ पर्याय आहे, कारण तो रक्तात शोषला जात नाही. पथ्य एवढेच, की तो भरपूर पाण्याबरोबर घ्यावा (कोरडा गिळल्यास घशात अडकू शकतो) आणि इतर औषधे, विशेषतः थायरॉइडची गोळी, यांच्यात व त्याच्यात काही तासांचे अंतर ठेवावे. सुरुवातीला पोट फुगते. मात्रा हळूहळू वाढवल्यास हा त्रास बहुधा कमी होतो.

वनस्पती स्टेरॉल व स्टॅनॉल : यांची रेणुरचना कोलेस्टेरॉलशी इतकी मिळतीजुळती असते, की आतड्यात शोषले जाण्यासाठी लागणारी जागा ते अडवतात आणि कोलेस्टेरॉल बाहेर राहते. स्वतः मात्र ते अत्यल्प शोषले जातात. फिनलंडमध्ये १९९५ साली स्टॅनॉल मिसळलेले मार्जरिन विक्रीस आले, तेव्हापासून त्यांचा वापर वाढला. रोज सुमारे २ ग्रॅम मात्रेने एलडीएल ७ ते १० टक्के घटते. ते जेवणाबरोबर घ्यावे लागतात, रिकाम्या पोटी घेण्याला फारसा अर्थ नाही. त्यांनी हृदयविकाराचे झटके टळतात, हे मात्र कोणत्याही मोठ्या चाचणीने दाखवलेले नाही. सिटोस्टेरॉलेमिया या दुर्मीळ आनुवंशिक विकारात वनस्पती स्टेरॉल रक्तात साचतात. अशा रुग्णांना ते वर्ज्य आहेत.

लाल यीस्ट तांदूळ : या नोंदीतील सर्वांत परिणामकारक आणि म्हणूनच सर्वांत जपून हाताळण्याजोगा पदार्थ हाच. मोनॅस्कस वंशाची बुरशी भातावर वाढवली की दाणे गडद लाल होतात. ती वाढताना मोनॅकोलिन के हे संयुग तयार करते. जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एंडो १९७० च्या दशकात हजारो बुरश्या तपासत होते. कोलेस्टेरॉल तयार करणारे एन्झाइम रोखणारा पदार्थ त्यांना हवा होता. पहिला पदार्थ पेनिसिलियम बुरशीत सापडला आणि १९७९ मध्ये त्यांनी मोनॅस्कसमधील मोनॅकोलिन केची माहिती प्रसिद्ध केली. अमेरिकेत दुसऱ्या एका बुरशीतून वेगळे काढलेले लोव्हास्टॅटिन आणि हे संयुग एकच निघाले. हेच एन्झाइम रोखणाऱ्या औषधांना स्टॅटिन म्हणतात आणि १९८७ मध्ये बाजारात आलेले पहिले स्टॅटिन औषध तेच. तेव्हा स्टॅटिन नको म्हणून लाल यीस्ट तांदूळ घेणारी व्यक्ती खरे तर स्टॅटिनच घेत असते. फरक इतकाच, की मात्रा किती ते तिला ठाऊक नसते.

हा फरक लहान नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या २८ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन उत्पादनांत मोनॅकोलिन के आढळलेच नाही आणि उरलेल्यांत त्याचे प्रमाण ६० पटींहून अधिक बदलत होते. बाटलीवरचे नाव तेच असले, तरी एका बाटलीत औषधाचा लवलेश नाही आणि दुसरीत उपचाराच्या जवळ जाणारी मात्रा, अशी ही स्थिती. योग्य मात्रा मिळाल्यास एलडीएल १५ ते २५ टक्के उतरू शकते. चीनमध्ये पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४,८७० रुग्णांवर शुद्ध केलेल्या अर्काची चाचणी झाली. तीत हृदयविकाराच्या मोठ्या घटना १०.४ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर आल्या. हा निष्कर्ष प्रमाणित मात्रेच्या अर्काचा आहे, तो कोणत्याही बाटलीला लावता येत नाही.

स्टॅटिनचे दुष्परिणामही याच्याबरोबर येतात : स्नायुदुखी, क्वचित यकृताला इजा, आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध किंवा ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर घेतल्यास धोका अधिक. काही उत्पादनांत बुरशीचे सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विषही आढळते. २०२४ मध्ये जपानमध्ये लाल यीस्टच्या एका पूरकामुळे अनेकांची मूत्रपिंडे बिघडली, तेव्हा उत्पादनात दुसऱ्याच बुरशीतील पदार्थ शिरल्याचे तपासात दिसले. युरोपीय संघाने २०२२ पासून मोनॅकोलिनची दैनिक मात्रा ३ मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्याचे बंधन घातले आहे. नाममात्र प्रमाणाहून जास्त मोनॅकोलिन के असलेले उत्पादन अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन मान्यता नसलेले औषध समजते.

बर्बेरिन : दारुहळद व तिच्यासारख्या झुडपांतील हे पिवळे अल्कलॉइड. त्याने एलडीएल ग्राही तयार करणारा आरएनए पेशीत जास्त काळ टिकतो, असे २००४ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले. त्यांच्या लहान चाचणीत एलडीएल सुमारे २५ टक्के उतरले. यंत्रणा पटण्याजोगी आहे, पण दीर्घकालीन मोठ्या चाचण्यांचा आधार नाही. शिवाय बर्बेरिन अनेक औषधांचे रक्तातील प्रमाण बदलते. गर्भवती व स्तनदा मातांनी ते टाळावे.

कसोटीवर न उतरलेली नावे : लसणावर स्टॅनफर्ड विद्यापीठात १९२ प्रौढांची सहा महिने चाचणी झाली. कच्चा लसूण आणि दोन प्रकारच्या गोळ्या यांची तुलना निष्क्रिय गोळीशी केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एलडीएलमध्ये फरक दिसला नाही. इतर चाचण्या एकत्र केल्यास थोडी घट दिसते, पण ती किरकोळच. उसाच्या मेणापासून बनणाऱ्या पोलिकोसॅनॉलचे क्यूबातील अहवाल चकित करणारे होते, मात्र २००६ मधील जर्मन चाचणीत कोणत्याही मात्रेचा परिणाम झाला नाही. गुग्गुळाची गोष्ट अधिक चटका लावणारी आहे. वाराणसीत १९६० च्या दशकात त्याच्यावर प्राण्यांमध्ये संशोधन झाले, पुढे तो भारतात औषध म्हणून मान्यही झाला. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ रुग्णांवर आठ आठवडे नियंत्रित चाचणी झाली, तेव्हा गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल ४ ते ५ टक्के वाढलेले आढळले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले.

मत्स्यतेलाबाबत गैरसमज फार. त्यातील ओमेगा-३ मेदाम्ले रोज २ ते ४ ग्रॅम मात्रेत ट्रायग्लिसराइड हा रक्तातील दुसरा मेद चांगला उतरवतात, एलडीएल नाही. डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल असलेल्या तेलाने ते थोडे वाढूही शकते. जास्त मात्रेत हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा धोका वाढतो. नायसिनचा (ब-३ जीवनसत्त्वाचा) कोलेस्टेरॉलवरील परिणाम १९५५ पासून ठाऊक आहे. तरीही स्टॅटिनला त्याची जोड देऊन पाहणाऱ्या, २५ हजारांहून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत झटके कमी झाले नाहीत, उलट मधुमेह, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव वाढले.

क्लीव्हलंड क्लिनिकच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी या साऱ्यांना एका रांगेत उभी करते. मत्स्यतेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती स्टेरॉल आणि लाल यीस्ट तांदूळ यांची २८ दिवस तुलना झाली. ५ मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिनने, म्हणजे स्टॅटिनच्या लहान मात्रेनेही, एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरवले. सहांपैकी एकाही पूरकाने निष्क्रिय गोळीच्या तुलनेत एलडीएल ठळकपणे कमी केले नाही. कालावधी थोडा होता आणि तंतू या चाचणीत नव्हते, हे मात्र ध्यानात घ्यावे.

एकेकट्या पूरकापेक्षा अनेक छोटे परिणाम एकत्र केल्यास काय होते, हे टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी पाहिले. वनस्पती स्टेरॉल, चिकट तंतू, सोया प्रथिने आणि बदाम यांच्या आहाराने २००३ मधील चाचणीत चार आठवड्यांत एलडीएल २८.६ टक्के घटले, लोव्हास्टॅटिनच्या गटात ३०.९ टक्के. तेथे जेवण आयोजकांनी पुरवले होते. लोकांनी घरी स्वतः हा आहार पाळला, तेव्हा सहा महिन्यांनी घट १३ टक्क्यांच्या आसपास राहिली. तीही कमी लेखण्याजोगी नाही.

मोजमाप आणि मर्यादा : एलडीएल १६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर ७ टक्के घट म्हणजे सुमारे १४९. मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासानुसार स्टॅटिनने एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरवले की हृदयविकार व पक्षाघाताच्या मोठ्या घटना सुमारे २२ टक्के घटतात. लाभ घटीच्या प्रमाणात असतो. सौम्य वाढ आणि कमी धोका असलेल्या माणसाला तंतू-स्टेरॉलची मदत पुरेशी ठरू शकते. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे, त्याचे लक्ष्य ५५ ते ७० च्या खाली असते आणि पूरकांनी ते गाठता येत नाही. सुमारे २५० माणसांमागे एकाला आढळणारे आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल मुळातच ग्राहींच्या दोषातून बहुधा येते, त्याला औषधेच लागतात. पूरक सुरू करण्यापूर्वी थायरॉइड, मूत्रपिंड व मधुमेहाची तपासणी करावी, कारण वाढीचे मूळ तेथेही असू शकते.

सुरू केल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी लिपिड तपासणी पुन्हा करावी, त्याच प्रयोगशाळेत आणि मध्ये दुसरा कोणताही बदल न करता. एलडीएल आपोआपही काही टक्के वर-खाली होते, त्यामुळे एकाच अहवालातील ५ टक्के फरकावर विसंबू नये. शिवाय अनेक ठिकाणी हा आकडा गणिताने काढलेला असतो आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेल्यास ते गणित चुकते. लाल यीस्ट तांदूळ स्टॅटिनच्या गोळीबरोबर घेऊ नये. गर्भवतींनी तो पूर्णपणे टाळावा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी लसूण किंवा मत्स्यतेलाच्या मोठ्या मात्रेविषयी डॉक्टरांना सांगावे, आणि शस्त्रक्रियेपूर्वी आपली पूरकांची यादी औषधांच्या यादीइतक्याच काळजीने त्यांच्या हाती द्यावी.